राखेच्या बुधवारापूर्वीचा ठराव

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित होऊन घरी आलेली, येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेली आणि वर्षभरात पिवळी पडून कुरकुरीत झालेली झावळी राखेच्या बुधवारापूर्वी चर्चमध्ये परत द्यावयाची, ही वसईतल्या आमच्या धर्मग्रामाची वहिवाट मला लहानपणापासून प्रिय आहे. चर्चच्या मागल्या अंगणात लोखंडी घमेल्यात या झावळ्या पेटवितात. वाळलेले पाते जळताना आधी वळते, मग तडतडते आणि क्षणात काळे होते. राखेच्या बुधवारी हीच राख श्रद्धावंतांच्या कपाळाला लावतात, म्हणून ती निवली की मलमलीच्या फडक्यातून चाळावी लागते, नाहीतर पात्याच्या शिरेचा एखादा कण कपाळाला खुपतो. शंभर घरांच्या झावळ्या जळून अखेरीस राख उरते ती ओंजळभर, आणि त्या ओंजळीत कोणाच्या घरची कोणती हे कोणालाही सांगता येत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा अवश्य आहे. ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी येतो. त्यामुळे त्याच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ, ज्याला आम्ही बोलताना उपवासकाळ म्हणतो, तोही चंद्राच्या गतीने दरसाल मागेपुढे सरकतो. २०२६ साली महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि रमजानचा आरंभ त्याच आठवड्यात, असा योग आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. या काळात वेदीवरची फुले जातात, धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे येतात आणि आलेलुयाचा घोष ईस्टरच्या जागरणरात्रीपर्यंत मुका राहतो.

हे सर्व यथासांग होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आधीच्या तीन-चार आठवड्यांविषयी. उपवासकाळात लग्न करू नये ही आमची जुनी रूढी. तिच्यामुळे राखेच्या बुधवारापूर्वीच्या दिवसांत लग्नांची अशी दाटी होते की एका आळीत एकाच रात्री दोन मंडप उभे राहतात. लग्नात आनंद असावाच, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसह असावा. परंतु ज्या आनंदासाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागते, ज्यात दारूचा खर्च जेवणाच्या खर्चाशी स्पर्धा करतो आणि ज्याच्या कर्ण्याने आजारी म्हाताऱ्याची झोप उडते, तो उरकून दुसऱ्या दिवशी राखेसाठी कपाळ पुढे करणे याला तयारी म्हणता येणार नाही. उपवासाची गतही फारशी निराळी नाही. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून पापलेटाचे कालवण आणि तळलेली कोलंबी ताटात आली, तर नियमाचे अक्षर पाळले जाते आणि पोट एकदाही रिकामे राहत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर नियमांच्या इतिहासात सापडते. चर्चच्या जुन्या सार्वत्रिक कायद्यात रविवार वगळून हा सगळा काळ उपवासाचा होता. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी ते बंधन सैल केले. आज अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच्या व्यक्तीला सक्तीचे उपवास दोनच, एक राखेच्या बुधवारी आणि एक गुड फ्रायडेला. पण ही सूट काही आळसाला दिलेली मुभा नव्हती. काय सोडावे आणि सोडलेले कोणाच्या पदरात घालावे, हे यापुढे फर्मानाने ठरणार नव्हते, श्रद्धावंतांनी विवेकाने ठरवावयाचे होते. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याआधीच, १९६३ साली, स्पष्ट सांगितले होते की या काळातले प्रायश्चित्त केवळ आंतरिक आणि वैयक्तिक नसावे, तर बाह्य आणि सामाजिकही असावे. आपण सूट तेवढी उचलली आणि जबाबदारी तेथेच ठेवून आलो. आज कोणी चॉकलेट सोडतो, कोणी मोबाईलवरची करमणूक सोडतो, कोणी बिअर सोडतो. प्रत्येकाचा त्याग प्रामाणिक असतो, परंतु तो ज्याच्या त्याच्या घरी सुरू होतो आणि ज्याच्या त्याच्या घरीच संपतो. धर्मग्राम म्हणून आपण काय सोडले, असे कोणी विचारले तर आपल्यापाशी उत्तर नाही.

उत्तर काय असावे याविषयी माझ्या मनात एक निश्चित बेत आहे. वसईच्या वाड्यांतून पूर्वजांनी खणून ठेवलेली बावखळे आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि शेजारच्या विहिरींना झरे पुरवी. त्या पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडे उभी राहिली आणि रहाटाच्या कुरकुरीवर पिढ्या वाढल्या. पुढे मोटारपंप आले, टँकर आले, भूगर्भातले गोडे पाणी उपसले गेले तसे समुद्राचे खारे पाणी आत सरकले. कित्येक बावखळे मातीच्या भरावाखाली गेली आणि उरलेल्यांना आपण उकिरडा केले. आमच्या आळीच्या टोकाला असे एक बावखळ आहे. गेल्या फेब्रुवारीत मी त्याच्या काठावर उभा होतो. हिरव्या शेवाळावर थर्माकोलच्या ताटल्या तरंगत होत्या, एका ताटलीत भाताची शिते तशीच चिकटलेली होती, आणि त्या ताटल्या कोणत्या मंडपातून आल्या हे मला ठाऊक होते, कारण मी त्याच मंडपात जेवलो होतो.

म्हणून मला असे वाटते की प्रत्येक धर्मग्रामाने या उपवासकाळात निदान एक बावखळ उपसून स्वच्छ करावे, आणि तो ठराव राखेच्या बुधवारी नव्हे, त्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावा. आळीआळीची बैठक घ्यावी. जागेच्या सातबाऱ्यावर दहा-बारा नावे असली तर त्या सर्वांची लेखी संमती मिळवावी. लग्नघरांशी आर्जवाने बोलून थर्माकोल आणि कर्णे यांबाबत एकमत करावे. आणि शुक्रवारच्या उपवासात वाचलेला पैसा एका पेटीत टाकून त्याचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावावा, म्हणजे गाळ काढण्याच्या यंत्राची तजवीज त्यातून होईल. शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपाशी थांबत केलेली प्रार्थना, चर्चच्या आवारातून बाहेर काढून वाडीतून न्यावी, चौदा स्थानांपैकी एक स्थान त्या बावखळाच्या काठी असावे, आणि शनिवारी सकाळी त्याच माणसांनी कुदळ घेऊन तेथे परत यावे.

यावर कोणी म्हणेल की हे श्रमदान झाले, यात प्रार्थना कोठे आहे? ही शंका मनापासून घेतलेली असते, म्हणून तिचा अनादर करू नये. पापनिवेदनाला, उपदेशाला, मिस्साला पर्याय म्हणून मी हे सुचवीत नाही. परंतु प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे जेथे एकत्र येतील अशी दुसरी जागा मला आमच्या गावात दिसत नाही. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले तेव्हाही धर्मगुरूने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत का पडावे, असे विचारले गेले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रातून सृष्टीच्या रक्षणासाठी जे हृदयपरिवर्तन मागितले, त्यात त्या प्रश्नाचे उत्तर आले आहे.

बावखळाचे पाणी धर्म विचारून मुरत नाही. त्याच्या एका बाजूला आमची विहीर असेल तर दुसऱ्या बाजूला हिंदू शेजाऱ्याची विहीर आहे, आणि मे महिन्यात दोन्ही विहिरींचा तळ एकदमच दिसू लागतो. तेव्हा शेजाऱ्यांनो, शनिवारी सकाळी घमेली घेऊन तुम्हीही या. आणि धर्मग्रामस्थ हो, आळीची बैठक या रविवारच्या मिस्सानंतरच बोलवा. ईस्टर ५ एप्रिलला आहे, आणि त्यानंतर पावसाला दोनच महिने उरतात.