हिंवाळ्यांतील परसबाग व आमचे विद्यार्थी

दिवाळीची सुटी आटोपून शाळा पुन्हां भरते, तेव्हां सेनगांव तालुक्यांतील आमच्या पुसेगांव परिसरांत सोयाबीन घरांत आलेलें असतें, तूर फुलोऱ्यावर असते आणि हरभऱ्याची पेरणी चाललेली असते. काळी जमीन, तींत मुरलेला पावसाळ्याचा ओलावा आणि पहांटेची थंडी! अशा दिवसांत येथील प्रत्येक घरीं ताजी भाजी असेल, अशी कोणाचीहि समजूत व्हावी. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. ज्यांच्या शेतांत पोत्यांचीं पोतीं धान्य पिकतें, त्यांच्याच घरचीं माणसें मेथीच्या एका जुडीसाठीं आठवडे-बाजार गांठतात. आणि बाजार हुकला म्हणजे आठवडाभर डाळ-बटाट्यावर भागवितात. आमच्या जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण विकावयाच्या पिकास आम्ही जो मान देतों, तो खावयाच्या पिकास देत नाहीं, ही गोष्ट लपविण्याजोगी नाहीं.

ही नुसती जिभेच्या चवीची बाब नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत व भाजी हें त्यावरील एकमेव औषध नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं मोठ्या माणसाच्या दिवसाच्या आहारांत सुमारें ४०० ग्रॅम भाज्या असाव्या असें सांगितलें आहे. वर्गांतील मुलामुलींचे डबे उघडलेले पाहिले म्हणजे आम्ही त्या आंकड्यापासून किती दूर आहों, हें ध्यानांत येतें.

उपाय हातचा आहे. परसांत दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागा आरंभास पुरे. हिंवाळ्यांत पाण्याची वाफ कमी होते, म्हणून पाणी थोडें लागतें. मेथी, पालक, कोथिंबीर हीं उन्हाळ्यांत लवकर फुलावर येऊन निबर होतात. थंडींत त्यांचा पाला कोवळा राहतो. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, यास्तव मुळा व गाजर वरंब्यावर लावावें. धणे रगडून, त्यांच्या डाळी करून पेरावे. मेथी सुमारें महिन्याभरांत व मुळा दीड महिन्यांत निघतो. पालक कापीत गेल्यास पुनःपुन्हां फुटतो. सारें बीं एकाच दिवशीं न टाकतां दर पंधरा दिवसांनीं एक वाफा पेरला, तर माघापर्यंत भाजी खंडत नाहीं. मावा पडल्यास लिटरभर पाण्यांत ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवावी व गाळून फवारावी. डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी मोरींत न दवडतां वाफ्यास द्यावें.

कांहीं पालकांचा आक्षेप आम्हीं ऐकिला आहे. “गुरुजी, आमचा जन्म मातींत गेला. पोरानं तरी कुदळ धरूं नये म्हणून त्याला शाळेंत घातलं.” या उद्गारांमागील कष्टांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु शेतकऱ्याचें दुःख कुदळीचें नव्हे. तें कर्जाचें, बेभरंवशाच्या पावसाचें व पडलेल्या भावाचें आहे. परसांतील वाफ्यास यांपैकीं कांहींच शिवत नाहीं. विद्येचें व मातीचें वैर असतें, तर १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम केरी या मिशनऱ्यानें १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं संस्था कां काढली असती? बंगालमध्यें सेरामपूर येथें भाषांतराचें अवाढव्य काम चालू असतां तो आपली बागहि जोपासीत असे. अरणच्या सावता माळ्यानें तर मळ्यांतल्या कामांतच देव पाहिला. दोघांचे मार्ग भिन्न, पण मातीचा विटाळ दोघांसहि झाला नाहीं.

दुसरा आक्षेप पाण्याचा. तो मात्र खरा आहे. फाल्गुन सरला कीं विहिरी तळ गांठतात. म्हणूनच आम्ही बारमाही बागेचा आग्रह धरीत नाहीं. चैत्रांत वाफा कोरडा राहिला तरी चालेल. मार्गशीर्षांत तो रिकामा राहूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

शाळांतून परसबागा कराव्या, अशा सूचना केंद्र सरकारनें २०१९ सालीं दिल्या आहेत व त्या योग्यच आहेत. पण शाळेचा वाफा सुटींत वाळतो. घरचा वाफा रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें कीं, प्रत्येकानें घरीं एक तरी वाफा आपला म्हणून करावा, पेरणीची व काढणीची तारीख वहींत टिपावी, आणि पाणी घालण्याचें काम बहिणीच्या गळ्यांत न घालतां स्वतः करावें. पालकांस विनंति कीं, रोज अर्धा तास मुलगा वाफ्याशीं बसला तर त्याचा अभ्यास बुडाला असें समजूं नये. त्यानें स्वतः लावलेली पहिली जुडी आईच्या हातीं दिली म्हणजे, कष्टाचें अन्न कशास म्हणतात, हें त्यास आम्हीं वर्गांत निराळें शिकवावयास नको.