धोरण-संशोधन दाराबाहेरून सुरू व्हावे

चेन्नईतील पेरुंगुडी येथे तमिळनाडू डॉ. आंबेडकर विधि विद्यापीठाचे संकुल आहे. याच पेरुंगुडीत शहराची जुनी कचराभूमी आहे आणि तिला लागून पल्लिकरणैची पाणथळ, जिला २०२२ मध्ये ‘रामसर’ दर्जा मिळाला. पाणथळीत महानगराचा कचरा वर्षानुवर्षे का साठत गेला, हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. तो महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा, जमिनीच्या किमतीचा आणि पुराच्या पाण्याचाही आहे. म्हणूनच अशा विद्यापीठात सार्वजनिक धोरण संशोधन केंद्र असावे, असे मला वाटते.

ही वाट नवी नाही. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच शहरातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

नव्या केंद्राला इमारतीपेक्षा दोन गोष्टींची अधिक गरज आहे: सरकारी आकडेवारी मिळण्याचा हक्क आणि सरकारला न रुचणारे निष्कर्षही प्रसिद्ध करण्याची मुभा. पहिली नसेल तर संशोधन पोकळ राहील. दुसरी नसेल तर आधीच झालेल्या निर्णयांना मागाहून आधार शोधून देणे, एवढेच त्या केंद्राचे काम उरेल.