दोन रुपये शेकडा म्हणजे किती?

आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याजाचा धडा संपून आठवडा झाला असेल. सगळी उदाहरणे बिनचूक सोडवणारा एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, बँकवाले जास्त व्याज घेतात ना? म्हणून आमच्या बाबांनी यंदा बाहेरून पैसे घेतले." मी विचारले, "कशाने घेतले?" तर म्हणाला, "बँकेचे सात टक्के आहे. बाहेरचे फक्त तीन."

तीन म्हणजे शेकडा तीन रुपये, दर महिन्याला. वर्षाचे छत्तीस टक्के. ज्या मुलाला मी गणितात पैकीच्या पैकी गुण दिले होते, त्याला सातापेक्षा छत्तीस कमी वाटत होते. चूक त्याची नव्हती. बावीस वर्षे मी फळ्यावर 'द.सा.द.शे.' लिहीत आलो आणि मुले वहीत उतरवत आली. त्यातला 'सा' म्हणजे साल. हे अक्षर आपल्या घरातल्या व्यवहारात नसतेच, हे मी एकाही वर्गाला सांगितले नव्हते.

आपल्या आदिलाबादेत व्याज कोणी सालाने बोलत नाही. बेला-जैनदच्या बाजूचा मराठी शेतकरी 'दोन रुपये शेकडा' म्हणतो, बाजारात तेलुगू बोलणारा 'रेंडु रूपायल वड्डी' म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात महिना गृहीत असतो, तो उच्चारला जात नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे. २००४ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने महिला बचत गटांसाठी व्याज सवलतीची योजना आणली, तिचे नावच 'पावला वड्डी' ठेवले होते. पावला म्हणजे पाव रुपया. महिन्याला शंभराला पंचवीस पैसे, म्हणजे वर्षाला तीन टक्के. 'तीन टक्के वार्षिक व्याज योजना' असे नाव दिले असते तर आपल्या संघमातल्या बायकांना ती महाग वाटली असती! सरकार लोकांच्या भाषेत हिशेब सांगते आणि आपण शाळेत मात्र पुस्तकाच्याच भाषेत शिकवतो.

मुलांनो, त्या विद्यार्थ्याबरोबर त्या दिवशी केलेला हिशेब इथे देतो. वही घेऊन करून पाहा.

जूनमध्ये पेरणीसाठी पन्नास हजार घेतले. कापूस विकून जानेवारीअखेर फेडले, म्हणजे आठ महिने. शेकडा तीनने महिन्याला दीड हजार, आठ महिन्यांचे बारा हजार रुपये व्याज. आता बँकेचे पाहू. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्र सरकारच्या व्याज सवलत योजनेत वर्षाला सात टक्के दर आहे. आठ महिन्यांचे झाले २,३३३ रुपये. मुदतीत फेडले तर आणखी तीन टक्के सूट मिळून दर चारवर येतो, मग व्याज १,३३३ रुपये. बारा हजार कुठे आणि तेराशे कुठे. मधल्या फरकात एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या, गणवेश आणि बसभाडे निघते.

हे झाले वेळेवर फेडणाऱ्याचे. एखाद्या वर्षी पाऊस उशिरा येतो, बोंडअळी पडते, भाव पडतो. संक्रांतीनंतर हिशेबाला बसल्यावर व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद होतो. पन्नासचे पहिल्या वर्षी अडुसष्ट हजार, दुसऱ्या वर्षी ९२,४८०, तिसऱ्या वर्षी १,२५,७७३. एक रुपयाही नवा न घेता कर्ज तीन वर्षांत अडीचपट! तो मुलगा हा शेवटचा आकडा लिहून बराच वेळ गप्प बसला होता. "हेच चक्रवाढ का सर?" एवढेच त्याने विचारले. धडा मी आठवडाभर शिकवला होता, तो त्याला त्या क्षणी कळला.

आणखी एक व्याज असे असते की त्याला व्याज हे नावच नसते. समजा खत-बियाण्याची रोखीची किंमत हजार रुपये आहे आणि उधारीवर घेऊन दिवाळीनंतर पैसे द्यायचे तर अकराशे पन्नास. जून ते नोव्हेंबर हे पाच महिने धरा. हजाराला दीडशे, म्हणजे पुन्हा शेकडा तीन. दुकानदाराने व्याज हा शब्द उच्चारलेला नसतो आणि आपणही 'उधारीत थोडे महाग पडते' म्हणून सोडून देतो.

कोणी म्हणेल, सर सावकारांवर घसरले. तसे नाही. उधार देणारा रात्री बारा वाजता दार उघडतो, कागदपत्रे मागत नाही, तोंडओळखीवर पैसे मोजतो. बँकेत सातबाराच्या जागी आपल्याकडे असलेले पट्टादार पासबुक, आधार, फोटो, आणि 'साहेब नाहीत, सोमवारी या'. माणूस सोयीसाठी जास्त मोजतो, यात नवल काही नाही. आपण सोयीची किती किंमत मोजतो आहोत, ते मात्र घेणाऱ्याला ठाऊक असावे. आणि दुसऱ्याला कशाला बोल लावू? मुलीच्या लग्नात मी स्वतः शेकडा दोनने पैसे घेतले होते. गणिताचा मास्तर! कर्मचाऱ्यांच्या कर्जासाठी अर्ज करायला मला वेळ नव्हता, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे म्हणजे चार लोकांसमोर अर्ज करण्याची लाज वाटत होती. फेडायला तीन वर्षे लागली. घरात मुलांना कधी कळू दिले नाही.

खरी अडचण इथेच आहे असे मला वाटते. आपल्या समाजात कर्ज ही अब्रूची गोष्ट. मुलाला वहीसाठी पैसे नाहीत हे आपण सांगू, पण का नाहीत हे सांगणार नाही. त्यामुळे मूल व्याज शिकते ते फक्त पुस्तकातल्या 'रमेश' आणि 'सुरेश' यांच्या कर्जावर, आणि पुढे अठराव्या वर्षी पहिली सही करते ती काहीही न पाहता.

सहीवरून आठवले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. ठिकठिकाणी जमावाला हवी होती ती रोखे आणि खतांची कागदपत्रे, आणि ती हाती लागताच लोकांनी जाळून टाकली. त्यातल्या बहुतेकांना ते कागद वाचता येत नव्हते, अंगठा मात्र त्यांचाच होता. पुढे १८७९ च्या कायद्याने त्या भागातल्या शेतकऱ्याला दोन साधे हक्क मिळाले. भरलेल्या पैशाची पावती मागायची आणि खात्याचा हिशेब लिहून मागायचा. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हा कायदा इकडे नव्हता.

आज आपल्याला त्याहून मोठा हक्क आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्या घरांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या मुदत कर्जांसाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने सही घेण्यापूर्वी मुख्य माहितीचे एक पत्रक दिले पाहिजे. सगळे शुल्क धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते. आणि हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. पालकहो, ही शेवटची ओळ आपल्यासाठी आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत आई-वडील मराठी वाचतात, कागद येतो तेलुगूत किंवा इंग्रजीत, आणि मग सातवी-आठवीतल्या पोराला हाक मारली जाते, "बघ रे काय लिहिलंय." पोरगे अक्षरे वाचते, अर्थ त्यालाही लागत नाही. सही होते. अशा वेळी मराठीत द्या म्हणून मागायला संकोचू नका, आपण काही उपकार मागत नाही.

पोराने त्या पत्रकात काय शोधायचे? महिन्याचा हप्ता नव्हे. वर्षाचा एकूण दर. गाडीच्या कर्जात 'फ्लॅट बारा टक्के' म्हणून सांगतात, त्याची गंमत पाहा. साठ हजार दोन वर्षांसाठी. बारा टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज १४,४००, एकूण ७४,४००, हप्ता ३,१००. हिशेब सरळ दिसतो. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, वर्षभरानंतर निम्म्याच्या आसपास रक्कमच आपल्याकडे उरते, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर मोजले जाते. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. पत्रकात हाच दर लिहावा लागतो, म्हणून ते पत्रक महत्त्वाचे.

शिक्षणासाठी हैदराबादला गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांविषयीही दोन शब्द. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपमुळे डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणात मोठी खळबळ उडाली होती. वसुलीच्या छळाला कंटाळून काहींनी जीव दिला आणि पोलिसांनी अटका केल्या. फोनमधले सगळे नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या देणे ही त्या ॲपवाल्यांची रीत होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले. कर्ज थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आले पाहिजे आणि ॲपने फोनमधले नंबर, फोटो यांना हात लावता कामा नये. जे ॲप नंबर पाहण्याची परवानगी मागते, ते तिथेच काढून टाकावे. आणि चुकून अडकलात तर आधी घरी सांगा. वडील रागावतील, पण वडिलांचा राग व्याजाने वाढत नाही.

मागच्या पालक सभेत एका पालकांनी सुचवले की नववी-दहावीच्या मुलांसाठी शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडाचे शिबिर घ्यावे. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे, पण मला ती आज पटत नाही. ज्या घरात छत्तीस टक्क्यांचे कर्ज आहे, त्या घरातल्या मुलाला बारा टक्के मिळवण्याची युक्ती शिकवून काय उपयोग? कर्ज फेडलेला प्रत्येक रुपया छत्तीस टक्के मिळवून देतो, असे शिबिर कोणी घेत नाही. आधी कर्ज वाचायला शिकू. शेअर बाजार कुठे पळून जात नाही.

बचतीचे मात्र लगेच सुरू करता येईल. पूर्वी अनेक शाळांत राष्ट्रीय बचतीची 'संचयिका' असे. मुलेच खजिनदार, मुलेच कारकून, आठवड्यातून एकदा चार आणे-आठ आणे जमा व्हायचे. त्यात जमलेल्या पैशांपेक्षा मुलांनी लिहिलेल्या खातेवहीची मला जास्त आठवण येते. खाडाखोड केली की शिक्षकांची सही लागायची. आज दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीचे बचत खाते पाचशे रुपयांत उघडता येते. बँकाही आपापल्या मर्यादा घालून दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवू देतात. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिना शंभर रुपयांपासून भरता येतात. घरात दहा वर्षांखालील मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खाते आहे, वर्षाला किमान अडीचशे रुपये. ज्यांना यातले काहीच जमणार नाही अशी मुलेही आपल्या शाळेत आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून शाळेने रकमेची यादी सूचना फलकावर लावू नये, 'सर्वाधिक बचत'चे बक्षीस तर मुळीच देऊ नये. ते बक्षीस मुलाला मिळत नाही, त्याच्या वडिलांच्या पगाराला मिळते.

विश्वस्त मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे. आठवी, नववी आणि दहावीला महिन्यातून एक गणिताचा तास फक्त कागद वाचण्यासाठी द्यावा. पासबुक, मार्केट यार्डाची कापसाची पट्टी, उधारीची वही, हप्त्याचे वेळापत्रक, विजेचे बिल. प्रत्येक दर आधी महिन्याचा आणि मग सालाचा करून वहीत लिहायचा. एक अट मात्र कडक हवी. कोणत्याही मुलाला घरचा कागद आणायला सांगायचे नाही, 'तुमच्याकडे किती कर्ज आहे' असे वर्गात विचारायचे नाही. कागद शिक्षकांनी आणायचे.

काही पालकांना भीती वाटते की मुले घरी जाऊन प्रश्न विचारतील. विचारतील, हे खरे आहे. तो आठवीतला मुलगाही विचारून बसला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, मला वाटले भांडायला आले. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "मास्तर, यात साल कुठे लिहिलंय ते जरा दाखवा." कागदावर साल नव्हते. महिनाही नव्हता. नुसते 'तीन' लिहिले होते.

जूनमधला पहिला तास मी घ्यायला तयार आहे. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो. फळ्यावर लिहायला मुलीच्या लग्नाच्या वेळचा माझा हिशेब घेऊन येईन, आकड्यांसकट.