कृपा फुकट, मग पुण्याई कशाला?

ख्रिस्ती धर्मावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत एक आक्षेप फार चिवट आहे. माणूस स्वतःच्या सत्कर्मांच्या बळावर देवापुढे नीतिमान ठरत नाही, केवळ ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो, असे हा धर्म सांगतो. मग काय, विश्वास ठेवा, पापे माफ करून घ्या आणि पुन्हा मोकळे व्हा! सज्जनपणे वागायचे कशाला? 'करावे तसे भरावे' हे ज्याच्या हाडीमांसी मुरले आहे, त्या मराठी माणसाला हा प्रश्न सुचायला वादपटू असावे लागत नाही. शिक्षा एकाने भोगायची आणि सुटायचे दुसऱ्याने, हा न्याय त्याला उफराटाच वाटतो.

आक्षेप वजनदार आहे, म्हणून उत्तरही तोलामोलाचे हवे. 'आमच्या धर्मातले रहस्य तुम्हाला कळायचे नाही' असे म्हणून तो झटकता येत नाही. शिवाय तो नवाही नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते इ.स. ५७ च्या सुमारास, ख्रिस्ताच्या मृत्यूला तीस वर्षेही झाली नसताना. वाइटातून चांगले निघावे म्हणून खुशाल वाईट करा, असे आम्ही शिकवतो अशी आमची बदनामी होते, ही तक्रार त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. सहाव्या अध्यायात पौल हा प्रश्न स्वतःच उभा करतो आणि ताडकन नकार देतो. त्याचे कारण असे, की ज्याचा बाप्तिस्मा झाला तो ख्रिस्ताबरोबर पापाला मेला. ज्या घरातून माणूस मरून बाहेर पडला, तिथेच तो संसार कसा थाटणार? पौल अर्धी कृपा आणि अर्धे कर्म असे काही बेताचे शिकवत असता, तर ही बदनामी त्याच्या वाट्याला आलीच नसती.

पाप स्वस्त कोणी केले, हे पाहायचे तर १५१७ सालच्या जर्मनीत जावे लागते. योहान टेट्झेल नावाचा डॉमिनिकन साधू पापदंडाच्या माफीची पत्रे विकत फिरत होता. चर्चच्या अधिकृत शिकवणुकीप्रमाणे त्या पत्राने पापाचा दोष जात नव्हता, फक्त पापाबद्दल भोगायचा ऐहिक किंवा शुद्धिस्थानातला दंड माफ होत होता. पण बाजारात हा बारकावा टिकला नाही. दर ठरलेले होते. राजेरजवाडे आणि बिशप यांना २५ सोन्याची नाणी, खालच्या पायऱ्यांना त्यांच्या ऐपतीप्रमाणे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला प्रार्थना व उपवास. जमलेल्या पैशातला निम्मा वाटा रोममधल्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामाला आणि निम्मा आर्चबिशप आल्ब्रेख्तने फुगर पेढीकडून काढलेल्या कर्जाला जायचा. मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये जे ९५ मुद्दे मांडले, त्यांतला पहिलाच मुद्दा ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असले पाहिजे, असा आहे. पश्चात्तापाला पैशाची पळवाट काढून दिली, ही त्याची खरी तक्रार होती. पुण्य मोजता येते आणि त्याची देवघेव होऊ शकते, असे एकदा मानले की त्याचा बाजार भरायला वेळ लागत नाही.

मात्र ल्यूथरच्या बाजूनेही घसरगुंडी झाली, हे कबूल केले पाहिजे. त्याचाच शिष्य आणि गाववाला योहान आग्रिकोला म्हणू लागला, की दहा आज्ञांचे काम कचेरीत. व्यासपीठावरून फक्त शुभवर्तमान सांगावे. ल्यूथरने १५३७ पासून त्याच्याविरुद्ध जाहीर वाद मांडले आणि पुढे आग्रिकोलाने विटेनबर्ग सोडून बर्लिन गाठले. ल्यूथरच्या मृत्यूनंतर भांडण आणखी रंगले. सत्कर्मे तारणासाठी आवश्यक आहेत, असे गेओर्ग माजोरने १५५२ मध्ये म्हटले. त्याला उत्तर देण्याच्या भरात निकोलाउस फॉन आम्सडोर्फने १५५९ मध्ये सत्कर्मे तारणाला घातक असतात, इथपर्यंत मजल मारली! १५७७ च्या 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड'मध्ये ल्यूथरपंथीयांनी दोघांचीही वाक्ये फेटाळली. सत्कर्मे झालीच पाहिजेत, पण तारणाची किंमत म्हणून नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. विश्वास म्हणजे आचाराला सुट्टी हे जो या पंथाचे मत म्हणून खोडून काढतो, तो त्या पंथाने सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी स्वतःच टाकून दिलेले मत खोडत असतो.

रोमन कॅथलिकांवरचा उलटा आरोपही तसाच उथळ आहे. 'ते कर्मांनी तारण शिकवतात' असे प्रोटेस्टंट वक्ते सहज बोलून जातात. ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरण्याविषयी १६ प्रकरणांचा आदेश आणि ३३ नियम मंजूर केले. त्यांतला पहिलाच नियम, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याला बहिष्कृत ठरवतो. मतभेद होता तो निराळाच. नीतिमान ठरणे यात फक्त पापक्षमा येते, की अंतःकरणाचे नूतनीकरणही त्यातच धरायचे? ट्रेंटने नूतनीकरण आत धरले. ल्यूथरपंथीयांनी ते त्यातून निघणारे, पण निराळे मानले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे दोन्ही बाजूंनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने त्याला मान्यता दिली. सगळी भांडणे त्याने मिटली नाहीत. पण माणूस कृपेनेच स्वीकारला जातो आणि स्वीकारलेला माणूस सत्कर्मांसाठीच नवा केला जातो, एवढे चौघांनी मिळून म्हटले.

मग याकोबाचे काय? पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कृत्यांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी. दोघेही साक्षीला अब्राहामालाच बोलावतात. ल्यूथरलाही याकोबाचे पत्र पचले नव्हते. पण दोघे अब्राहामाच्या आयुष्यातली कोणती घटना दाखवतात, ते पाहावे. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायावर भर देतो : मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्याने वचनावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. याकोब त्या वचनाचाही उल्लेख करतो, पण बोट ठेवतो ते बाविसाव्या अध्यायावर, इसहाकाला वेदीवर चढवण्याच्या प्रसंगावर. मधे कित्येक वर्षे लोटली आहेत. पौलासमोर कृत्यांची यादी घेऊन देवाच्या दारी उभा राहणारा माणूस आहे. याकोबासमोर उघड्यावाघड्या, उपाशी भावाला नुसते 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावणारा माणूस आहे. रोगी दोन असल्यामुळे पथ्येही दोन आहेत.

यावर एक टोला नेहमी हाणला जातो : देवाने निर्दोष जाहीर केले आणि माणूस होता तसाच राहिला, तर हे नीतिमत्त्व कागदोपत्रीच नाही का? पौलाने दत्तकपणाची भाषा वापरली आहे. तीच इथे उपयोगी पडते. दत्तकविधान झाले की त्याच दिवशी मुलाला घराण्याचे नाव आणि वारसाहक्क मिळतो. घरची रीत त्याने अजून शिकलेली नसते. पहिल्याच आठवड्यात तो फडताळातले पैसेही चोरेल. तेवढ्याने त्याचे नाव कोणी कापत नाही. पण वीस वर्षे त्या घरात राहून ज्याने एकही रीत उचलली नाही, आईबापांशी धड बोलणे ठेवले नाही आणि फक्त सातबाऱ्यावरच्या नावाशी मतलब ठेवला, तो मुलगा झालाच होता का, असे शेजारीपाजारीही विचारतील. नाव मिळणे आणि वळण लागणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एकीची वेळ दुसरीला लावली, की एक तर मूल आयुष्यभर हाकलले जाण्याच्या धास्तीत वाढते, नाही तर घराचे धर्मशाळेत रूपांतर होते.

सगळ्यात अवघड पुरावा मात्र जॉन न्यूटनचा आहे, आणि समर्थकांनी तो टाळू नये. १७४८ च्या मार्चमध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर हा इंग्रज खलाशी देवाकडे वळला. 'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध गीत पुढे त्यानेच रचले. पण त्या वादळानंतर १७५० ते १७५४ या काळात तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची, बेड्या घालून तळघरात कोंबायची आणि वरच्या मजल्यावर प्रार्थना चालवायची, असा हा क्रम. तो थांबला तोही मनाच्या टोचणीने नव्हे, प्रकृती बिघडल्यामुळे. पुढे तो पाळक झाला आणि १७८८ मध्ये गुलामव्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून त्याने स्वतःच्या सहभागाची लाज जाहीरपणे कबूल केली. वादळापासून त्या पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षे गेली.

न्यूटनने नंतर लिहून ठेवले आहे, की त्या सुरुवातीच्या काळात आपण पूर्ण अर्थाने विश्वासणारे होतो असे त्याला वाटत नाही. समर्थकाला ही पळवाट सोयीची आहे, पण ती घेऊ नये. ज्यांचे आयुष्य तळघरात संपले त्यांच्या दृष्टीने कप्तानाचा विश्वास अर्धा होता की पुरा, याला काडीचीही किंमत नाही. या उदाहरणातून सिद्ध होते ते एवढेच, की निवाडा मिळाल्याने डोळे आपोआप उघडत नाहीत; पवित्र जीवन शिकावे लागते, आणि शिकवणारी मंडळी आंधळी असेल तर शिष्यही आंधळा राहतो. इंग्लंडचे चर्च त्या काळी गुलामव्यापाराला निषिद्ध मानत नव्हते. दुसऱ्या बाजूला हेही नोंदवावे लागते, की जॉन वेस्लीचे मन २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना ऐकताना पालटले, आणि त्याच वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. कृपेचा तोच उपदेश एकाला चाळीस वर्षांनी बोलते करतो, दुसऱ्याला त्याच्याही आधी. दोष उपदेशात असता तर दोघेही गप्प राहिले असते.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यानेही आपल्याच ल्यूथरपंथीयांना १९३७ च्या ग्रंथात फटकारले : तुम्ही कृपा स्वस्तात वाटता, अनुसरण मागत नाही. हिटलरच्या राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्याला फाशी दिले. त्याने सिद्धांत टाकला नव्हता, त्याचा गैरवापर टाकला होता.

आता मराठी मुलखातला दाखला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. विधवांना आसरा आणि शिक्षण देण्याचे ते काम कोणाही धर्मातल्या माणसाने पुण्यकर्म म्हणून मान्य करावे असे होते. तरीही रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे, की बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे पुस्तक वाचून त्या अस्वस्थ झाल्या; पाळक झाल्यानंतरही आपला खरा पालट झाला नव्हता, हे हॅस्लमने त्यात सांगितले होते. १८९१ च्या सुमारास रमाबाईंनी आपली पुण्याई मोजणे सोडले आणि पापी म्हणून स्वीकारले जाण्यावर विसंबल्या.

आक्षेपकाच्या तर्कानुसार इथून त्यांचा हात सैल पडायला हवा होता. झाले उलटेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुलीबाळी घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. समाजाने 'पतित' म्हणून दार लावलेल्या स्त्रियांसाठी तिथे जे घर झाले त्याचे नाव कृपासदन. सुधारणेच्या कोणत्याही कसोटीला न उतरणारी स्त्री आधी घरात घ्यायची आणि मग तिला वळण लावायचे, हा क्रम त्या नावातच आहे. रमाबाईंच्या धर्मप्रचारावर त्या काळी पुण्यात कडक टीका झाली, आणि ती टीका वेगळ्या मुद्द्यावर आजही होऊ शकते. पण कृपेच्या शिकवणीने त्या निष्क्रिय झाल्या, असे त्यांच्या कट्टर विरोधकालाही म्हणता आले नसते.

उरतो एक मुद्दा, आणि मंडनाचा सगळा जोर त्याच्यावर आहे. विश्वासाने नीतिमान ठरण्याची गोष्ट पौलाने गलतीकरांस पत्रात मांडली ती कोणत्या प्रसंगी? अंत्युखियात पेत्र यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली, तसा तो उठून वेगळा झाला. त्याचे पाहून इतर यहूदीही उठले आणि बर्णबाही ओढला गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत जाब विचारला आणि लगोलग हा सिद्धांत मांडला. देवाने ज्यांना एकाच आधारावर स्वीकारले त्यांना पंगतीला वेगळे बसवणारा माणूस तो आधारच नाकारतो, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे पवित्र आचरण हे या सिद्धांताला नंतर जोडलेले शेपूट नाही; सिद्धांत जन्मला तोच आचाराच्या तंट्यात.

हिंदुस्थानात या कसोटीवर मंडळ्या कशा उतरल्या? बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतल्या अँग्लिकन मंडळ्यांना पत्र पाठवून चर्चमधला जातिभेद सोडण्याचा आदेश दिला. तंजावरकडच्या उच्च जातींच्या ख्रिस्ती लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे त्यांतल्या अनेकांना लाइप्झिगच्या ल्यूथरपंथी मिशनने सामावून घेतले, कारण जात हा समाजव्यवहार आहे, धर्माचा प्रश्न नाही, अशी त्या मिशनची भूमिका होती. नीतिमान ठरण्याचा सिद्धांत हे ज्यांचे निशाण, त्यांनीच अंत्युखियाचा धडा सोडून दिला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांतही सोयरीक जुळवताना पणजोबांची जात हळूच विचारली जाते. आक्षेपकाने नेमके इथे बोट ठेवावे. समर्थकाला रागवायचे कारण नाही, कारण पौलाने त्याच्या आधीच ते ठेवले आहे. दृढीकरणाच्या वर्गात मुलांकडून दहा आज्ञा आणि मतांगीकार पाठ करून घेतात. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय त्याच वर्गात वाचून सोयरिकीचा विषय तिथेच काढला, तर वडीलधाऱ्यांची पंचाईत होईल खरी. पण विश्वासाने नीतिमान ठरल्यावर चांगले वागायचे कशाला, हा प्रश्न त्या मुलांना कोणी विचारलाच, तर त्यांच्यापाशी उत्तर तयार असेल.