पार्सल आले, पण माल पुरता आला का?



जाधववाडीच्या बाजार समितीत माल नेला की आपली नजर काट्यावरून हटत नाही. खळ्यावर माप घेताना एक जण मोजतो आणि दुसरा आकडा ध्यानात धरतो. हीच माणसे मोबाइलवरून मागवलेले पार्सल मात्र पैसे देऊन कोपऱ्यात ठेवतात आणि गरज पडली म्हणजे उघडतात. पैठणपासून सोयगावपर्यंत आता फवारणी पंप, ठिबकचे सुटे भाग, ताडपत्री, कडबाकुट्टीची पाती असा माल घरपोच येऊ लागला आहे. तेव्हा या आठवड्यात त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

माल अपुरा आला तर नुकसान केवळ त्या वस्तूच्या किमतीपुरते राहत नाही. समजा, कपाशीवर फवारणीची वेळ आली आहे. बॅटरीचा पंप आला, पट्टे आले, नळी आली. पण चार्जर नाही. चार्जरची किंमत ती काय! पण किडीला ‘चार्जर येईपर्यंत थांब’ असे सांगता येत नाही. म्हणून कमतरता पहिल्याच दिवशी ध्यानात आली पाहिजे.

गावच्या दुकानदाराला ‘दादा, नोझल राहिले की’ म्हटले तर तो काढून देतो, कारण तो आपल्याला ओळखतो. मोबाइलवरचा विक्रेता ओळखीचा नाही. तिथे तोंडी शब्दाला किंमत नाही. कागद आणि फोटोच आपली साक्ष देतात.

पार्सल घेताना

बहुतेक वेळा पार्सल येते तेव्हा कर्ता माणूस शेतात असतो आणि ते घरच्या बाई किंवा वडीलधारी माणसे घेतात. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना माहीत असाव्यात.

पेटी फाटलेली, ओली किंवा पुन्हा चिकटवलेली दिसली तर घेऊ नये. घ्यावीच लागली तर आणणाऱ्यासमोरच तिचा फोटो काढावा. काही कंपन्या पेटी उघडून दाखवून माल देतात. तशी सोय असेल तर माल मोजल्याशिवाय ओटीपी सांगू नये. ओटीपी सांगितला की माल पोचल्याची नोंद होते. चिठ्ठीवर वजन छापलेले असेल तर पेटी काट्यावर ठेवून पाहावी.

पेटी उघडताना एकाने मोबाइलवर सलग चित्रीकरण करावे. आधी पत्त्याची चिठ्ठी आणि पेटीच्या सर्व बाजू दाखवाव्यात, मग पेटी कापून एकेक वस्तू गोणपाटावर मांडावी आणि बिलाशी ताडून पाहावी. चित्रीकरण नसले म्हणून आपला हक्क जात नाही. पण ते असले की वाद लवकर मिटतो. वाद मिटेपर्यंत पेटी व चिठ्ठी चुलीत घालू नका.

दर वेळी फसवणूकच असते असे मात्र नाही. तीन वस्तूंची एक ऑर्डर कधी दोन-तीन पार्सलांत येते. कधी फोटोत बॅटरी दिसते, पण खाली मजकुरात ‘बॅटरी वेगळी’ असे लिहिलेले असते. म्हणून पेटीत काय काय मिळणार हे पैसे भरण्यापूर्वीच वाचावे आणि त्या पानाचा फोटो ठेवावा.

तक्रार कशी लिहावी

ज्या ॲपवरून माल मागवला, त्याच ॲपवर त्या ऑर्डरखाली तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. माल परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. मजकूर असा असावा :

‘ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी मिळाली. बिलात बॅटरी पंप, चार्जर, नळी व दोन नोझल असे लिहिले आहे. पेटीत चार्जर मिळाला नाही. बिल व चित्रीकरण जोडले आहे. चार्जर सात दिवसांत पाठवावा. ते शक्य नसल्यास पंप परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.’

राग लिहू नये, हिशेब लिहावा. तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

कायदा काय सांगतो

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० सालचे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. माल सदोष, अपुरा किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही.

तरीही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार सांगता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपुढे मांडते आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. त्यानंतरची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरलाच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

‘शेतीसाठी घेतलेला माल धंद्यासाठीचा, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे कोणी सांगितले तर मानू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतःच्या कष्टाच्या कामासाठी घेतलेली वस्तू ही कायद्याने ग्राहकाचीच खरेदी आहे. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहक मानले आहे.

एक धोका

पैसे परत मिळवण्याच्या घाईत इंटरनेटवर शोधून कोणत्याही नंबरला फोन लावू नका. भामटे असे खोटे नंबर टाकून ठेवतात. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. जो पिन मागतो किंवा दुसरे ॲप घ्यायला लावतो, तो चोर समजावा. तरीही पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागणे कठीण.

आणि ज्या जाहिरातीत विक्रेत्याचे नाव नाही, पत्ता नाही, बिलाची हमी नाही, तिथे माल निम्म्या भावात मिळाला तरी घेऊ नये. ‘माल आल्यावर पैसे’ यानेही संरक्षण होत नाही, कारण पैसे आधी जातात आणि पेटी मागाहून उघडते. हंगामाचे सामान तर पंधरा-वीस दिवस आधीच मागवावे, म्हणजे काही कमी निघाले तरी ते मिळवायला वेळ राहतो आणि फवारणी अडत नाही.