मागचा मंद दिवा

आपल्या समाजातील अनेक घराण्यांच्या वाड्यात, पेढीमागच्या बोळात किंवा गोदामाच्या पडवीत वडिलांच्या काळातील फियाट अजून उभी आहे. तिच्याशी आपले नाते केवळ गिऱ्हाइकाचे नाही. ज्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने ती घडविली, ती कंपनी १९४४ साली सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. इटलीच्या फियाट ११०० या गाडीची भारतीय आवृत्ती कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९७४ च्या सुमारास तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणूनच ती आज भंगारात द्यावयास मन धजत नाही.

आमच्या नात्यातील एका अडत व्यापाऱ्याकडे १९७८ सालची पद्मिनी आहे. इंजिनाविषयी तक्रार नाही. मागचे दिवे मात्र उदबत्तीच्या टोकासारखे. चोविहार साधण्यासाठी सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचण्याची घाई आपल्याकडे असतेच. परंतु हंगामात मार्केट यार्डातून निघता निघता तिन्हीसांजा होतात, आणि रस्त्यावर मागून उसाचे ट्रॅक्टर व मालट्रक येत असतात. एकदा एक ट्रक हातभर अंतरावर येऊन करकचून थांबला. त्या दिवसापासून वहिनींनी सांगून टाकले, की दिवे लागल्यावर मी या गाडीत बसणार नाही. मुले म्हणाली, विकून टाका. गॅरेजवाल्याने संपूर्ण वायरिंग बदलण्याचा पंधरा हजारांचा अंदाज दिला.

पंधरा हजार खर्च करण्यापूर्वी गळती कोठे आहे ते पाहावे, एवढे बँकेच्या नोकरीने मला शिकविले आहे. येथेही हिशेब तोच. बॅटरीतून निघालेला दाब बल्बपर्यंत किती पोहोचतो? साधा मीटर घेतला आणि दिवे चालू ठेवून मोजले. दिवे चालू ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण प्रवाह वाहत नसताना गंजलेला जोडसुद्धा पूर्ण दाब दाखवितो आणि आपली फसगत होते. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते. बल्बच्या दोन टोकांमध्ये भरले जेमतेम दहा.

एक पंचमांश घट म्हणजे एक पंचमांश प्रकाश कमी, असे वाचकांस वाटेल. तसे नाही. तारेच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या साधारण साडेतीनपट घाताने बदलतो. दाब ऐंशी टक्के राहिला, की प्रकाश निम्म्याहूनही कमी उरतो. चक्रवाढ व्याज जाणणाऱ्यांस हे निराळे समजावयास नको.

उरलेले अडीच व्होल्ट गेले कोठे? या गाड्यांत परतीची तार बहुधा नसते. प्रवाह दिव्याच्या पत्र्यातून गाडीच्या अंगात जातो व तेथून बॅटरीकडे परततो. यालाच मेकॅनिक ‘अर्थिंग’ म्हणतात. पत्र्यावर गंज चढला, किंवा नव्या रंगकामात त्या जागीही रंग फासला गेला, की परतीची वाट अडते. खूणही ठरलेली आहे : ब्रेक दाबताच दिवा उजळण्याऐवजी मंदावतो, किंवा इंडिकेटर लावला की शेजारचा दिवाही लुकलुकू लागतो. वाट न मिळालेला प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तारेतून रस्ता काढतो, त्याचा हा परिणाम. खात्रीसाठी बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब तार आणून दिव्याच्या पत्र्यास टेकविली. दिवा लख्ख पेटला. वायरिंग निर्दोष होते.

मग काम अर्ध्या दिवसाचे. बॅटरीची तार सोडली, होल्डर काढले, आतील हिरवट गंज बारीक पॉलिश पेपरने घासला, स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला. दोन्ही दिव्यांस परतीची स्वतंत्र तार ओढून घेतली, हे माझ्या मते सर्वांत उपयुक्त. आतून काळवंडलेले बल्ब बदलले. मागच्या व ब्रेकच्या दिव्यास मिळून दोन तारांचा २१ व ५ वॅटचा बल्ब लागतो. त्याच्या खुंट्या खाली-वर असतात, तो उलटा ठोकून बसवू नये. लाल काच साबणाच्या पाण्याने धुतली. काचेस थिनर किंवा पेट्रोल लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. प्लॅस्टिकला बारीक तडे जाऊन ती कायमची आंधळी होते. आतील परावर्तक पत्रा निस्तेज होता, त्यास चंदेरी रंग दिला.

एलईडी बसवावा का, असे मुलांनी विचारले. बसविता येतो, पण लाल काचेमागे लाल एलईडीच घ्यावा, कारण पांढऱ्यातील बराचसा प्रकाश ती काच अडविते. शिवाय इंडिकेटरला तो लावल्यास जुना फ्लॅशर बिघडल्यासारखा वागतो, तोही बदलावा लागतो. अर्थिंग खराब ठेवून एलईडी लावणे मात्र बुडीत खात्यास नवे कर्ज देण्यासारखे आहे.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, हे कित्येकांस ठाऊक नसते. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन व दुरुस्ती यांपुरतीच बाहेर काढावी लागते. रोज पेढीवर जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

एकूण खर्च हजाराच्या आत आला. त्याच संध्याकाळी धाकट्या मुलास पन्नास पावले मागे उभे करून दोन्ही दिवे व ब्रेक तपासले. डावा उजव्यापेक्षा किंचित फिका आहे. त्याचा होल्डर जुन्या बाजारातून शोधावयाचा आहे. विक्रीची बोलणी मुलांनी तूर्त थांबविली आहेत. वहिनी अजून गाडीत बसलेल्या नाहीत.