ओट्यामागचा रंग

घराचे नूतनीकरण काढायचे ठरले की दिवाणखान्याच्या रंगावर चार संध्याकाळी खल होतो. पाहुण्यांना दिसणारी भिंत ती! स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची पाळी शेवटी येते आणि टाइल्सच्या दुकानात, उभ्या उभ्या, अर्ध्या तासात त्यांचा निकाल लागतो. कंत्राटदार म्हणतो, ‘सध्या ग्रे चालतोय.’ मुलगा मोबाइलवर एक फोटो दाखवतो. घरातल्या बाईला ‘आवडला ना?’ एवढेच विचारले जाते आणि म्हाताऱ्या माणसांना तेवढेही नाही. वास्तविक दिवाणखान्याची भिंत पुढच्या दिवाळीला पुन्हा रंगवता येते. टाइल मात्र फोडल्याशिवाय बदलत नाही. पुष्कळदा तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटते आणि न आवडलेली टाइल तशीच डोळ्यांसमोर राहते.

आपल्याकडे या दोन खोल्यांचा रंग पूर्वी आवडीने ठरत नसे, कामाने ठरे. चुलीच्या धुराने भिंत काळवंडायची म्हणून चुना. तो पिवळट दिसू नये म्हणून त्यात थोडी नीळ. चुना बुरशीला आणि जंतूंना मानवत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा घरोघरी चुना फासण्याची मोहीम निघाली, ती याच विश्वासाने. मोरीला शहाबादी फरशी आणि ओट्याला काळा कडाप्पा असे, कारण दोन्ही परवडत आणि दणकट असत. शिवाय कडाप्प्यावर डाळ सांडली, फोडणी उडाली तरी ओटा गबाळा दिसत नसे. पुढे गॅस आला, धूर गेला आणि मध्यमवर्गाने ओट्यामागे पांढऱ्या चकचकीत टाइल्सची दोन-तीन फुटी पट्टी लावली. ती पट्टी म्हणजे घरच्या स्वच्छतेचे प्रशस्तिपत्रच होते.

परदेशातही वेगळे नव्हते. १९२६ साली मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायला हरकत नाही. त्यातली कपाटे निळसर रंगाची होती, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा त्या काळचा समज होता. माश्यांचे काहीही असो, तिथे रंगालाही काम नेमून दिलेले होते.

आज मोरबीहून येणाऱ्या टाइल्सनी दुकाने भरलेली आहेत आणि शेड कार्डावर रंगांच्या छटा मोजता मोजता बोटे थकतात. निवड वाढली ही चांगलीच गोष्ट. पण निवडीबरोबर विचार वाढला का? हॉटेलातल्या न्हाणीघराचा फोटो पाहून आपण घरचे न्हाणीघर ठरवतो. हॉटेलात माणूस दोन रात्री राहतो आणि त्याच्यामागे पुसायला नोकर असतो, हे फोटोत दिसत नाही.

पहिली गोष्ट प्रकाशाची. दुकानात टाइलवर चारी बाजूंनी दिवे सोडलेले असतात. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी बहुधा डक्टमध्ये उघडते. दुकानात चंदेरी वाटलेला करडा रंग तिथे ओल्या सिमेंटसारखा दिसतो. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारनंतरच्या तांबूस उन्हात केशरी भिंत अधिकच तापलेली वाटते. दिव्यांचेही तसेच. ३००० केल्विनचा दिवा पिवळसर आणि ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. एकच भिंत दोन्हींखाली दोन रंगांची दिसते. म्हणून दुकानदाराकडून दोन टाइल्स मागून आणाव्यात, ओट्यामागे टेकवून ठेवाव्यात आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून पाहाव्यात. भिंतीच्या रंगाचा दोन फूट चौरस पट्टा मारून पाहावा. शेड कार्डावरच्या टिचभर तुकड्यात सौम्य वाटलेला रंग अख्ख्या भिंतीवर गडद भासतो.

दुसरी गोष्ट डागांची. आपल्या स्वयंपाकात हळद आहे आणि ती साबणाला भेटली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते तिच्या याच गुणावर. पांढरा, थोडासा सच्छिद्र ओटा आणि टाइल्समधल्या पांढऱ्या सिमेंटच्या सांध्या हळदीने आधी रंगतात. याच्या उलट, आरशासारख्या काळ्या ग्रॅनाइटवर पिठाचा कण आणि पाण्याचा थेंबही लपत नाही. ठिपक्यांचा, मातकट मधला रंग दिसायला साधा, पण नांदायला गुणी. न्हाणीघरात आधी पाणी पाहावे. बोअरचे जड पाणी काळ्या टाइलवर क्षारांचे पांढरे ओघळ सोडते आणि पाण्यात लोह असेल तर पांढऱ्या टाइलवर तांबूस डाग पडतात. हे कोणाला माहीत असते? जी बाई ओट्याशी रोज तीन तास उभी असते तिला, आणि जिच्या हाती घासणी असते त्या मावशींना. रंग ठरवताना यांचे मत घ्यावे. तेही ‘आवडला ना?’ असे नव्हे, तर ‘निभेल ना?’ असे विचारून.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि जवळजवळच्या छटांमधला फरक कमी कळतो. मोतीबिंदूत तर तो आणखी पुसट होतो. अशा डोळ्यांसाठी पांढरी भिंत, पांढरी फरशी आणि पांढरा कमोड म्हणजे धुक्यातली वाट. करड्या फरशीला त्याच करड्या रंगाचा उंबरठा असला, तर पायरी कुठे संपते ते दिसत नाही. चकचकीत ओल्या फरशीवर दिव्याची तिरीप पडली की ओले-कोरडे कळत नाही. अशा जागी पाय घसरून खुब्याचे हाड मोडले तर हिंडते-फिरते माणूस खाटेला खिळते. उपाय साधे आहेत: फरशी भिंतीपेक्षा एक छटा गडद आणि खरखरीत, उंबरठ्याला वेगळ्या रंगाची पट्टी, कमोडमागची भिंत त्याच्याहून वेगळी, धरायचा दांडा ठळक रंगाचा. यासाठी फारसे जादा पैसे लागत नाहीत. आधी आठवण मात्र व्हावी लागते.

जाता जाता एक सावधगिरी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, पाणी मारून काढावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत घराबाहेर ठेवावे.

मग हौसेने करायचे काय? हौसेला जागा आहेच. जे फोडावे लागते, म्हणजे फरशी, टाइल, ओटा, ते कामाच्या हिशेबाने ठरवावे. जे बदलता येते, म्हणजे टाइल्सच्या वरची भिंत, ट्रॉलीची शटर्स, पडदा, डबे, तिथे मन मानेल तो रंग लावावा. पोपटी म्हणा, जांभळा म्हणा. दोन वर्षांनी कंटाळा आला तर रंगाऱ्याला बोलावले की झाले.

घराचा आरसा म्हणून आपण दिवाणखाना सजवतो. पण घर चालते ते या दोन खोल्यांच्या बळावर. तिथला रंग पाहुण्यांनी वाखाणला नाही तरी चालेल. भल्या पहाटे अर्धवट झोपेत उठलेल्या आजीला त्या रंगाने पायरी दाखवली पाहिजे आणि रात्रीची आवराआवर झाल्यावर घरच्या बाईला त्याने घासत बसवता कामा नये.